स्टोरेज अ‍ॅरेची ओएस आणि तिचं व्हर्जन: नवीन लागलेल्यांनी सुरुवात कुठनं करायची

कोल्हापूरकडची गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, नाहीतर शहरातली एखादी सहकारी बँक किंवा हॉस्पिटल, कुठंही सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून नवीन लागलेली पोरं-पोरी सर्व्हर, फायरवॉल, बॅकअप हे सगळं पटापट शिकतात, पण रॅकमध्ये खाली जो जड डबा असतो, म्हणजे डिस्कांनी भरलेला स्टोरेज अ‍ॅरे, आणि ज्याच्यावर झाडून सगळ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आणि डेटाबेस बसलेले असतात, त्याच्याकडं कोण फिरकत नाही. हिरवी लाइट आहे ना, मग चाललंय. असं करू नका. त्या डब्यात पण एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालू असते, तिला व्हर्जन असतं, तिच्यात बग असतात, आणि तिचा सपोर्ट एक दिवस संपतो. हा लेख त्या व्हर्जनबद्दल आहे: बघायचं कुठं, वाचायचं कसं, आणि बदलायच्या आधी काय काय तपासायचं.

आधी डब्याची आणि ओएसची ओळख करून घ्या

प्रत्येक कंपनीनं आपल्या ओएसला वेगळं नाव दिलंय, आणि सपोर्टशी बोलताना तेच नाव वापरावं लागतं. नेटअ‍ॅपची ऑनटॅप. प्युअर स्टोरेजची प्युरिटी. हिताची व्हीएसपीची एसव्हीओएस, जिला फील्डवरची माणसं अजून मायक्रोकोडच म्हणतात. आयबीएमच्या एसव्हीसी, स्टोरवाइज आणि फ्लॅशसिस्टिमवर स्टोरेज व्हर्च्युअलाइज, जी २०२३ पर्यंत स्पेक्ट्रम व्हर्च्युअलाइज होती. एचपीईच्या थ्रीपारवर थ्रीपार ओएस, जी आधी इनफॉर्म ओएस होती. डेलच्या युनिटीवर युनिटी ओई. आणि ईएमसीच्या मोठ्या सिमेट्रिक्स घराण्यात आधी एन्जिन्युइटी, २०१४ ला व्हीमॅक्स थ्री आल्यावर हायपरमॅक्स ओएस, २०१८ पासनं पॉवरमॅक्स ओएस. एकाच घराण्यात तीन नावं, त्यामुळं जुनी डॉक्युमेंट्स वाचताना गोंधळू नका.

आता व्हर्जन बघा. जीयूआयमध्ये 'अबाउट' किंवा 'सिस्टिम' मध्ये दिसतं, पण मी सांगीन की कमांड लाइनवरनंच घ्या, कारण जीयूआय काही वेळा आकडा छोटा करून दाखवतं. ऑनटॅपला नुसतं 'व्हर्जन' टाइप केलं की येतं, थ्रीपारला 'शोव्हर्जन' सगळं जोडून, आयबीएमला 'एलएससिस्टिम' केल्यावर जी लांबलचक यादी येते त्यात 'कोड लेव्हल' नावाची ओळ शोधायची. जे येईल ते जसंच्या तसं कॉपी करून ठेवायचं, एक अक्षर पण गाळायचं नाही.

ह्या शेवटच्या वाक्यावर माझा खरा जोर आहे. नवीन माणसाला विचारलं की कुठलं व्हर्जन आहे, तर उत्तर येतं "ऑनटॅप नाइन". ह्यातनं काहीच कळत नाही. हे म्हणजे जमिनीच्या व्यवहारात नुसता गट नंबर सांगायचा आणि पोटहिस्सा सांगायचा नाही असं झालं, १२४ गटात दहा जणांच्या जमिनी आहेत, तुमची कुठली? सुरुवातीचे मोठे आकडे सांगतात की ह्या डब्यात कुठली फीचर्स आहेत. पण अमुक बग तुमच्या डब्यात आहे का सुटलाय, हे जवळजवळ कायम शेवटच्या आकड्यावर ठरतं.

स्ट्रिंग फोडून वाचायची

एक उदाहरण नीट घेऊ. ९.१३.१पी८. ही ऑनटॅपची स्ट्रिंग आहे. ९ ही पिढी, २०१६ पासनं तीच चालू आहे. १३.१ हे रिलीज, ह्यात नवीन फीचर्स येतात. पी८ म्हणजे त्या रिलीजवरचा आठवा पॅच, ह्यात मुख्यतः बग आणि सिक्युरिटीची दुरुस्ती असते. पीच्या जागी आरसी दिसलं तर ते रिलीज कँडिडेट, म्हणजे अजून पक्कं व्हायचंय, ते प्रॉडक्शनला टाकायला कोणी कितीबी आग्रह केला तरी तुम्ही थांबा. आता समजा सपोर्टच्या बुलेटिनमध्ये लिहिलंय की अमुक बग ९.१३.१पी६ मध्ये सुटला. पी८ वाला निवांत झोपला, पी४ वाल्यानं कामाला लागायचं, आणि ज्यानं रजिस्टरमध्ये नुसतं "९.१३" लिहून ठेवलंय त्यानं परत लॉगिन करून बघायचं.

इथंच एक बारीक फसगत आहे. व्हर्जन म्हणजे दशांश नव्हे. ९.९.१ च्या पुढं ९.१०.१ येतं, ते मागचं नाही, पुढचं आहे. एक्सेलमध्ये ९.१० असं टाइप केलं तर एक्सेल त्याचं ९.१ करून टाकतं, आणि ऑनटॅपमध्ये ९.१ नावाचं खरंखुरं, लई जुनं व्हर्जन आहे, म्हणजे शीट बघणारा हमखास फसणार. तो कॉलम आधीच टेक्स्ट करून घ्या. टेक्स्ट केल्यावर परत सॉर्टिंगला ९.१०.१ हे ९.९.१ च्या वर जाऊन बसतं, त्यामुळं व्हर्जनच्या कॉलमवर सॉर्ट करून "सगळ्यांत नवीन कुठलं" हे ठरवायचं नाही, डोळ्यांनी वाचायचं.

आयबीएमची पद्धत मला सगळ्यांत सरळ वाटते. चार आकडे असतात, व्हर्जन, रिलीज, मॉडिफिकेशन, फिक्स. ८.५.० ची मालिका घ्या, तिसरा आकडा शून्य आहे म्हणजे हे लाँग टर्म सपोर्टवालं, ह्याला चौथ्या आकड्यात फिक्स येत राहतात. ८.५.१, ८.५.२ असं दिसलं तर ते मधलं फीचर रिलीज, त्याला नियमित फिक्स येत नाहीत, दुरुस्ती पाहिजे असेल तर पुढच्या रिलीजवर जायचं. म्हणजे एका आकड्यावरनं कळतं की तुम्ही निवांत गाडीत बसलाय का पळत्या गाडीत. प्युअरमध्ये हेच सम-विषम आहे: ६.१, ६.३, ६.५ ही लाँग लाइफ, आणि ६.२, ६.४, ६.६ ही फीचर रिलीज.

थ्रीपारमध्ये ३.३.१ एमयू५ असं येतं, एमयू म्हणजे मेंटेनन्स अपडेट, आणि 'शोव्हर्जन'च्या आउटपुटमध्ये खाली पॅचेसची वेगळी ओळ असते. ती ओळ पण कॉपी करायची, कारण एकाच एमयूवरच्या दोन डब्यांमध्ये पॅचेस वेगळे असू शकतात.

काही कंपन्यांचा पहिला आकडा पिढी नाही, हार्डवेअर सांगतो. हिताचीत ८३ नं सुरू होणारा मायक्रोकोड व्हीएसपी जी४०० ते जी८०० च्या घराण्याचा, ८८ नं सुरू होणारा त्याच्या नंतरच्या जी३५० ते जी९०० वाल्यांचा, ९० नं सुरू होणारा व्हीएसपी ५००० चा. म्हणून "आमच्याकडं ८३ आहे, ८८ वर अपग्रेड करून द्या" अशी मागणी करता येत नाही, त्याला नवीन डबाच घ्यावा लागंल. आयबीएमच्या डीएस८००० मध्ये पण असंच, ८८ नं सुरू होणारं कोड बंडल डीएस८८८० चं, ८९ नं सुरू होणारं डीएस८९०० चं. पॉवरमॅक्सच्या घराण्यात ५८७६, ५९७७, ५९७८, ६०७९ असे चार आकडी कोड आहेत, आणि पूर्ण स्ट्रिंग ५९७८.७११.७११ अशी दिसते. जुन्या व्हीएनएक्सवर ०५.३२ किंवा ०५.३३ नं सुरू होणारी लांब स्ट्रिंग असते, ३३ असलं तर तो व्हीएनएक्स टू.

ओएस सोडून बाकीची व्हर्जन्स

ओएसचं व्हर्जन लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही, एका डब्यात चार-पाच ठिकाणी फर्मवेअर असतं. डिस्कचं वेगळं, शेल्फच्या (डिस्क बसवायच्या कप्प्याच्या) मॉड्यूलचं वेगळं, कंट्रोलरच्या (डब्याच्या मेंदूच्या) मॅनेजमेंट चिपचं वेगळं. काही कंपन्या ओएस अपग्रेडबरोबरच हे सगळं वर नेतात, काही नेत नाहीत, आणि डिस्कचं फर्मवेअर तर बऱ्याचदा मागंच राहून जातं.

डिस्क फर्मवेअरला कमी समजू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईनं जाहीर केलं की त्यांच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. तास मोजणारा काउंटर त्या आकड्याला पोचला की ड्राइव्ह मेली आणि आतला डेटा पण गेला. उपाय एकच, एचपीडी८ हे फर्मवेअर आधीच टाकणं. आता विचार करा, एका डब्यातल्या सगळ्या एसएसडी एकाच दिवशी चालू झालेल्या असतात, म्हणजे त्या मरणार पण एकाच वेळी, मग रेड (एक-दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवायची सोय) फाइव्ह असू दे का सिक्स, एकदम चार-पाच ड्राइव्ह गेल्यावर काही हाताला लागत नाही. ओएस एकदम ताजी असली तरी ह्यातनं सुटका नव्हती. म्हणून रजिस्टरमध्ये ड्राइव्हचं मॉडेल आणि फर्मवेअर हे दोन कॉलम पाहिजेतच.

त्यापुढं सॅन स्विच, म्हणजे सर्व्हर आणि डब्याला जोडणारा स्विच. ब्रोकेडचं फॅब्रिक ओएस ८.२.३ई असं लिहितात, शेवटचं अक्षर पॅचचं, ते पण गाळायचं नाही. त्यापुढं होस्ट, म्हणजे डब्यातली जागा वापरणारे सर्व्हर: ईएसएक्सआयचा (व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ओएसचा) बिल्ड नंबर, एचबीएचं (सॅनला जोडणाऱ्या कार्डाचं) ड्रायव्हर आणि फर्मवेअर, विंडोज-लिनक्सवरचं मल्टिपाथ सॉफ्टवेअर, जे डब्याकडं जाणारे अनेक रस्ते सांभाळतं. ही सगळी साखळी एकमेकांबरोबर चालते का हे बघायला प्रत्येक कंपनीचं कंपॅटिबिलिटीचं टूल असतं, नेटअ‍ॅपचं आयएमटी, एचपीईचं स्पॉक, आयबीएमचं एसएसआयसी, डेलचं ई-लॅब नॅव्हिगेटर. काहींना लॉगिन लागतं, ते एएमसी (वर्षाचा मेंटेनन्सचा करार) ज्या पार्टनरकडं आहे त्यांच्याकडनं मागून घ्या, लाजू नका, तुमचा तो हक्क आहे.

अपग्रेड करायचं का, आणि कुठल्या व्हर्जनवर

सगळ्यांत नवीन ते सगळ्यांत चांगलं, हे मोबाइलला ठीक आहे. स्टोरेजमध्ये मी कायम कंपनीनं 'रेकमेंडेड' किंवा 'टार्गेट कोड' म्हणून जाहीर केलेलं व्हर्जन बघतो, आणि त्या रिलीजचे दोन-चार पॅच येऊन गेले असतील तर जास्त बरं वाटतं. अपग्रेडला कारण पाहिजे, आणि कारणं मोजकीच आहेत: तुम्हाला लागू असलेला बग, सिक्युरिटीची गंभीर त्रुटी, चालू व्हर्जनचा सपोर्ट संपत आलाय, किंवा नवीन ईएसएक्सआय, नवीन शेल्फ ह्याला जुनं व्हर्जन चालत नाही. ह्यातलं एकही नसेल तर उगाच हात लावू नका. पण तीन-चार वर्षं अजिबातच हात न लावणं हे पण तितकंच वाईट, कारण मग थेट उडी मारता येत नाही, मधल्या एक-दोन व्हर्जनवर थांबत थांबत जावं लागतं आणि एका रात्रीचं काम तीन रात्रींवर जातं. हा थांब्यांचा रस्ता मनानं ठरवायचा नाही, कंपनीचं अपग्रेड पाथचं टेबल असतं, त्यातनंच घ्यायचा. आणि तुमचं मॉडेल त्या व्हर्जनपर्यंत जातं का ते आधी बघा, जुन्या मॉडेलला एका ठरावीक व्हर्जनच्या पुढं जाताच येत नाही.

रिलीज नोट्स वाचा. पूर्ण. निदान 'नोन इश्यूज' आणि 'अपग्रेडच्या आधी' हे दोन भाग तरी वाचाच. जुने प्रोटोकॉल किंवा कमी ताकदीचं एन्क्रिप्शन नव्या व्हर्जनमध्ये बंद केलं असेल तर ते तिथंच लिहिलेलं असतं, आणि तुमच्या फौंड्रीतल्या एखाद्या मशीनचा जुना पीसी नेमका त्याच जुन्या प्रोटोकॉलवरनं शेअर उघडत असतो.

अपग्रेडच्या आधीची तपासणी

बहुतेक अ‍ॅरेत दोन कंट्रोलर असतात. अपग्रेडमध्ये एक कंट्रोलर रिबूट होतो, तेवढ्यात दुसरा सगळा भार घेतो, मग अदलाबदल. म्हणून ह्याला नॉन-डिसरप्टिव्ह म्हणतात. पण ते नॉन-डिसरप्टिव्ह राहायला तीन गोष्टी ठीक पाहिजेत, आणि त्या तिन्ही तुमच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट पाथ. प्रत्येक होस्टला दोन्ही कंट्रोलरकडं जाणारा रस्ता पाहिजे. नुसते पाथ मोजून भागत नाही. एका फौंड्रीत सहा ईएसएक्सआय होस्ट होते, सगळ्यांना चार-चार पाथ, सगळे हिरवे, बघणाऱ्यानं ओके लिहिलं असतं. पण प्रत्येक पाथचा टार्गेट पोर्ट (डब्याच्या बाजूचा पोर्ट) उघडून बघितला तर सहाव्या होस्टचे चारही पाथ एकाच कंट्रोलरच्या पोर्टांवर जात होते, झोनिंग करताना (स्विचवर कुणी कुणाशी बोलायचं हे ठरवताना) दुसऱ्या कंट्रोलरचे पोर्ट घालायचे राहिले होते. तसाच अपग्रेड सुरू केला असता तर तो कंट्रोलर रिबूटला गेल्या क्षणी त्या होस्टवरच्या सगळ्या व्हीएम लटकल्या असत्या, आणि ईआरपीचा डेटाबेस त्याच होस्टवर होता. तर टार्गेट पोर्ट बघा, नुसती संख्या नको. लिनक्सवर 'मल्टिपाथ' कमांडला डबल एल देऊन बघायचं. आणि अर्धे पाथ 'अ‍ॅक्टिव्ह आयओ' आणि अर्धे नुसते 'अ‍ॅक्टिव्ह' दिसले तर घाबरायचं कारण नाही, लन (होस्टला डिस्क म्हणून दिलेला जागेचा तुकडा) ज्या कंट्रोलरच्या मालकीचं आहे त्याच्याकडचे पाथ आधी वापरले जातात, बाकीचे राखीव असतात.

दुसरी गोष्ट भार. दोन्ही कंट्रोलरचा सीपीयू साठ-साठ टक्के असेल तर एकटा एकशेवीस कुठनं ओढणार. पन्नासच्या खाली असतानाची वेळ शोधा. आठवड्याभराचा ग्राफ काढा, रात्रीचा बॅकअप किती वाजता सुरू होतो ते बघा, कारण रात्री सगळं शांत असतं हा समज असतो आणि बॅकअप नेमका अकराला सुरू होऊन कंट्रोलर ऐंशी टक्क्यांवर नेतो.

तिसरी गोष्ट डब्याची तब्येत. फेल झालेली डिस्क, रिबिल्ड चालू असलेला रेड ग्रुप, संपत आलेली कॅशची बॅटरी, असलं काही असताना सुरुवात करू नका, आधी ते निस्तरा. ऑनटॅपमध्ये 'क्लस्टर इमेज व्हॅलिडेट' ही कमांड आधी सगळं तपासून वॉर्निंग देते, आयबीएमची अपग्रेड टेस्ट युटिलिटी आहे, बाकीच्यांचे पण हेल्थ चेक असतात. आलेली प्रत्येक वॉर्निंग वाचायची, "ही कायम येती" म्हणून पुढं जायचं नाही. आणि बॅकअप झालाय म्हणजे काय, तर त्यातली एखादी फाइल रिस्टोर करून बघितलीय.

हे सगळं झालं की कंपनीच्या सपोर्टकडं चार-पाच दिवस आधी केस लॉग करा, लॉग बंडल पाठवा, आत्ताचं आणि जायचंय ते व्हर्जन पूर्ण लिहा, आणि त्यांचा होकार ईमेलवर घ्या. रात्री दोनला काही अडलं तर नवीन केस उघडून सगळी कथा पहिल्यापासनं सांगण्यापेक्षा चालू केसचा नंबर सांगणं लई सोपं पडतं.

दिवस कुठला निवडायचा

हे खास आपल्या भागासाठी. साखर कारखान्यात असाल तर गळीत हंगाम सुरू झाल्यावर स्टोरेजला हात लावायचा नाही, वजनकाटा रात्रंदिवस चालू असतो आणि काटा थांबला तर बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. कारखाना बंद असतानाचे महिने ह्या कामासाठीच आहेत. पण तेच महिने पुढं जुलै-ऑगस्टला जाऊन भिडतात, आणि तिथं दुसरी अडचण. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेला होता. आपल्याकडं स्पेअर पार्ट आणि इंजिनिअर सहसा पुण्याहनं येतात. रिबूटमध्ये कंट्रोलर उठलाच नाही आणि नवीन कंट्रोलर हायवेवर अडकला, तर तेवढे दिवस तुम्ही एका पायावर उभे. म्हणून माझं मत आहे की मे आणि जूनचा पहिला आठवडा ह्यात उरकून घ्यावं.

वार निवडताना कारखान्याची सुट्टी बघा. सोमवारी सुट्टी असेल तर माझी पसंती सोमवारी सकाळला, रविवारी रात्रीला नाही. तुमचं प्रॉडक्शन बंद, पण पुण्या-मुंबईचं सपोर्ट ऑफिस आणि पार्टचं गोडाऊन चालू. ही सोय सगळ्यांच्या नशिबी नसते, असेल तर सोडू नका. यूपीएसचा बॅकअप पण त्याच आठवड्यात तपासून घ्या, कारण एकच कंट्रोलर चालू असताना कॅशची दुसऱ्या बाजूची कॉपी नसते, आणि लाइट जायला ती सगळ्यांत वाईट वेळ.

प्रत्यक्ष अपग्रेड

खरंतर इथं करण्यासारखं फार नसतं, तयारी झाली असेल तर हा भाग कंटाळवाणाच असला पाहिजे. पॅकेज डाउनलोड केल्यावर चेकसम जुळवा. एक स्क्रीन अपग्रेडच्या प्रोग्रेसची, दुसरी होस्टच्या पाथची ठेवा. पहिला कंट्रोलर वर आला की सगळ्या होस्टचे पाथ परत आले का बघूनच दुसरा जाऊ द्यायचा. आयबीएममध्ये अर्धे नोड (कंट्रोलर) झाल्यावर सिस्टिम स्वतःहून साधारण अर्धा तास थांबते, होस्टच्या मल्टिपाथला सावरायला वेळ मिळावा म्हणून. नवीन माणसाला वाटतं अडकलं आणि तो काहीतरी दाबायला जातो. दाबू नका, थांबा. त्या अर्ध्या तासात पाथ मोजा.

मागं फिरण्याबद्दल आधीच स्पष्ट असू द्या. व्हीएमसारखा स्नॅपशॉट मारून परत आलो, असं इथं नसतं. काही ओएसना मागं येताच येत नाही, काहींना एकाच रिलीजमधल्या पॅचेसपुरतं येतं, आणि मोठ्या रिलीजवरनं मागं यायचं म्हणजे नवीन फीचर्स सगळी बंद करून, सपोर्टला सोबत घेऊन करायचं मोठं काम. त्यासाठीच अपग्रेडनंतर निदान दोन आठवडे एकही नवीन फीचर चालू करू नका, तेवढ्यात काही दुखणं निघालं तर मागचा रस्ता अगदीच बंद झालेला नसतो.

झाल्यावर

व्हर्जनची कमांड परत मारा, दोन्ही कंट्रोलरवर. एक नव्यावर आणि एक जुन्यावर असं अर्धवट राहू शकतं आणि डबा चालतो पण, म्हणून ते लक्षात येत नाही. लनची मालकी ज्या-त्या कंट्रोलरकडं परत गेली का बघा, नाहीतर सगळा भार एकाच बाजूला राहतो आणि दोन दिवसांनी "सिस्टिम स्लो झालीय" अशी तक्रार येते. सपोर्टकडं आपोआप जाणारे ईमेल चालू आहेत का, त्यासाठी एक टेस्ट मेल सोडा. डिस्क आणि शेल्फचं फर्मवेअर मागं राहिलं असेल तर त्याची वेगळी तारीख ठरवा.

मग रजिस्टर उघडा आणि ओळ भरा: मॉडेल, सिरियल नंबर, जुनी स्ट्रिंग पूर्ण, नवीन स्ट्रिंग पूर्ण, पॅचेस, ड्राइव्हचं मॉडेल आणि फर्मवेअर, सॅन स्विचचं व्हर्जन अक्षरासकट, तारीख, केस नंबर, कोणी केलं, आणि ह्या व्हर्जनचा सपोर्ट कधी संपतो. शेवटच्या कॉलमची तारीख कंपनीच्या सपोर्ट मॅट्रिक्समधनं घ्यायची आणि तिच्या सहा महिने आधीचं रिमाइंडर टीमच्या कॉमन कॅलेंडरमध्ये टाकायचं, स्वतःच्या मोबाइलमध्ये नको, कारण तोपर्यंत त्या खुर्चीत तुम्हीच असाल असं नाही.